कोणतीही लागो, लागली म्हणजे झाले!

गेल्या वर्षीची गोष्ट. चामोर्शीच्या बाजारात ऑनलाइन अर्ज भरून देणारे एक दुकान आहे. तेथे आम्ही तिघे वर्गमित्र बसलो होतो. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील शिपाई पदाची जाहिरात निघाली होती आणि दोघांचे अर्ज भरायचे होते. मी उंचीत बसत नसल्यामुळे नुसता सोबत गेलो होतो. नाव, गाव, जातीचा दाखला, दहावीचे गुण असे सगळे झाल्यावर पडद्यावर एक रकाना आला : दलांचा पसंतीक्रम. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, सशस्त्र सीमा बल, इंडो-तिबेट सीमा पोलीस, आसाम रायफल्स. यांपैकी पहिले कोणते आणि शेवटचे कोणते, ते उमेदवाराने ठरवायचे असते. दुकानदाराने विचारले, "कोनतं आधी टाकू?" मित्राने मोबाईलमधून मानही वर न काढता उत्तर दिले, "कोनतंबी टाका ना भाऊ. लागली म्हंजे झालं."

दुकानदाराने पडद्यावर नावे ज्या क्रमाने होती त्याच क्रमाने आकडे टाकले. दोन मिनिटेही लागली नाहीत. दुसऱ्या मित्राने "त्याच्यासारखंच टाका" एवढेच सांगितले. पावती निघाली, पैसे दिले, आणि आम्ही चहा प्यायला गेलो.

त्या वेळी मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. परंतु घरी आल्यावर विचार करू लागलो तेव्हा माझ्या लक्षात आले, की त्या दोन मिनिटांत एका माणसाची साठाव्या वर्षापर्यंतची नोकरी ठरू शकत होती. सीमा सुरक्षा दल मिळाले तर राजस्थानचे वाळवंट किंवा बांगलादेशाच्या सीमेवरचा पाणथळ मुलूख. इंडो-तिबेट पोलीस मिळाले तर हिमालयाचे बर्फ. आणि आमच्यापैकी कोणी बर्फ पाहिलेला नाही, रसवंतीच्या गाडीवरचा सोडून. औद्योगिक सुरक्षा दल मिळाले तर विमानतळ, खाणी, मोठे सरकारी कारखाने. राखीव पोलीस दल मिळाले तर कदाचित दुसऱ्या कोणत्या तरी राज्यातील जंगल. कोणी सांगावे, फिरून आपलेच जंगल. एवढा फरक असताना "कोणतेही टाका"!

बाजारात बैल घ्यायला गेलेला आपला बाप दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. आणि त्याचाच शिकलेला मुलगा आयुष्य जुंपायचे दल न पाहता घेतो. मी कोणाची टिंगल करीत नाही. माझे स्वतःचे काय झाले ते पुढे सांगणारच आहे.

आपल्या महाविद्यालयातील मुलांना विचारा, "पुढे काय?" बहुतेकांचे उत्तर एकच असते, "भरती." या शब्दात सगळे येते. पहाटे गडचिरोलीच्या रस्त्याने धावणारी मुले आणि मुली यांना आपण काय करता असे विचारले तर ती "भरती करतो" असे सांगतात. कोणाची भरती, हे सांगण्याची त्यांना गरज वाटत नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या लेखी तर खाकी असो, हिरवा असो, ठिपक्याठिपक्यांचा असो, बंदूक आणि बूट असले की ती ‘मिलिटरी’च. धानोऱ्याच्या रस्त्यावर केंद्रीय राखीव पोलीस दलाची गाडी दिसली तरी "मिलिटरी आली" असेच म्हणतात. त्यात त्यांचा दोष नाही. परंतु पदवीच्या वर्गात बसणाऱ्यांनी तरी एवढे जाणले पाहिजे की भूदल, नौदल आणि वायुदल ही तीन सेनादले संरक्षण मंत्रालयाच्या हाताखाली आहेत. वर सांगितलेली सीमा सुरक्षा दलासारखी दले गृहमंत्रालयाची आहेत. आणि जिल्हा पोलीस व राज्य राखीव पोलीस ही राज्य सरकारची. तिन्हींचा पगार वेगळा, नियम वेगळे, निवृत्ती वेगळी, आणि जखमी होऊन किंवा न होता घरी परत आल्यावर जे पदरात पडते तेही वेगळे.

१४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली आणि हा फरक फार मोठा झाला. तोपर्यंत भूदलात शिपाई म्हणून लागलेला मुलगा साधारण पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून पेन्शन घेऊन गावी येत असे. आता तिन्ही सेनादलांत शिपाई, नौसैनिक, वायुसैनिक या पातळीवर बहुतेकांना अग्निवीर म्हणूनच जावे लागते, आणि तेही चार वर्षांसाठी. त्या चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना पुढे कायम नोकरीत घेतले जाईल; उरलेले परत येतील. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, चौथ्या वर्षी ४० हजार. यांतील ३० टक्के रक्कम सेवा निधीसाठी कापली जाते, सरकार तेवढीच भर घालते, आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये हाती येतात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. सेवेत असेपर्यंत ४८ लाखांचा विमा मात्र आहे. पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या आरंभी प्रशिक्षणाला गेली.

ही योजना चांगली की वाईट यावर आपल्या वसतिगृहात पुष्कळ रात्री जागवल्या गेल्या आहेत. मला त्या वादात येथे पडायचे नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की, चारपैकी तिघे परत येणार असतील तर दल निवडताना जाण्याचा विचार पुरेसा नाही. येण्याचा विचार करावा लागेल. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा अकरा-बारा लाख रुपये घेऊन चामोर्शीच्या बसस्थानकावर उतरला, तर त्याच्या हातात पैशाखेरीज काय असेल? त्याला इंजिन उघडता येईल का? विजेचे काम येईल का? संदेशयंत्रणा, भांडारातील हिशेब, रुग्णाची शुश्रूषा, यांतले काही येईल का? की फक्त उत्तम धावता येईल, आणि उत्तम निशाणा साधता येईल? पैसे बहिणीच्या लग्नात, घराच्या स्लॅबमध्ये आणि एका मोटारसायकलमध्ये संपतात हे आपण सर्व जाणतो. आपल्याच तालुक्यात कोनसरीला लोह-पोलादाचा कारखाना उभा राहिला आहे. तेथे फाटकावर उभे राहणारा माणूसही लागतो आणि आत यंत्रावर काम करणाराही. त्या दोघांच्या पगारात किती अंतर असते, हे कोणाही कामगाराला विचारून पाहावे.

म्हणून माझे मत असे आहे की आजच्या काळात दल निवडायचे ते गणवेश पाहून नव्हे, त्या दलात आपल्याला कोणते काम शिकवतील ते पाहून. या कसोटीने पाहिले तर आपण ज्या दलांकडे ढुंकूनही पाहत नाही तीच पुढे येतात.

भूदलाचे आपल्याला आकर्षण आहे आणि ते साहजिक आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाव घेतले की मराठी माणसाची छाती फुगते. तिचे केंद्र बेळगावला आहे. १९४१ मध्ये उभी राहिलेली महार रेजिमेंट आहे, तिचे केंद्र मध्यप्रदेशात सागरला. आपल्या अगदी जवळ कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे. खडकीला बॉम्बे सॅपर्स, नाशिकला तोफखाना, अहिल्यानगरला रणगाडा दल. झाडीपट्टीच्या नाटकांत मी आजवर जेवढे जवान पाहिले ते सगळे पायदळाचे. तिसऱ्या अंकात त्यांच्यापैकी एकाला तरी गोळी लागतेच. आजपर्यंत मी रंगमंचावर एकही नौसैनिक पाहिलेला नाही. असो. सांगायचे हे की भूदल म्हणजे केवळ पायदळ नव्हे. त्यात अभियंते आहेत, सिग्नल आहे, तोफखाना आहे, वैद्यकीय विभाग आहे, गाड्या आणि हत्यारे दुरुस्त करणारे विभाग आहेत. मात्र अर्ज करताना उमेदवार रेजिमेंट निवडत नाही, तो गट निवडतो : जनरल ड्यूटी, टेक्निकल, क्लार्क व स्टोअरकीपर, ट्रेड्समन. पुढे कोणत्या विभागात पाठवायचे ते सैन्य ठरवते. म्हणजे खरी निवड गटाची आहे. आणि आपल्याकडून जे अर्ज जातात ते डोळे झाकून जनरल ड्यूटीचे जातात.

आता माझी हकीकत. माझी उंची १६५ सेंटिमीटर आहे. महाराष्ट्रातील उमेदवाराला जनरल ड्यूटीसाठी १६८ लागते. (मान्यताप्राप्त आदिवासी क्षेत्रांतील आदिवासी उमेदवारांना उंचीत सवलत आहे; मी त्यात येत नाही.) हे मला कधी कळले? दीड वर्ष रोज पहाटे धावल्यानंतर! १६०० मीटरचे अंतर साडेपाच मिनिटांच्या आत कापण्यासाठी मी पायांची साले काढली; परंतु पायांची लांबी मोजली नाही. तीन सेंटिमीटर कमी पडतात हे समजले त्या रात्री मी जेवलो नाही. आईला वाटले, मुलीची भानगड आहे.

मग मी नियम वाचू लागलो. जे पहिल्या दिवशी करायचे ते शेवटी केले. क्लार्कच्या गटाला १६२ सेंटिमीटर पुरतात असे दिसले. बारावी कोणत्याही शाखेची चालते, ६० टक्के हवेत. मला ६३ होते. आनंद झाला. पुढची ओळ वाचली : बारावीला इंग्रजीत, तसेच गणित, लेखाकर्म किंवा पुस्तपालन यांपैकी एका विषयात ५० टक्के आवश्यक. मी कला शाखेचा. गणित दहावीलाच सोडले होते, जुनी चप्पल टाकून द्यावी तसे. तो दरवाजा बंद झाला.

वायुदलाकडे वळलो. तेथे उंची १५२ पुरते. आणि आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे की वायुदलात कला शाखेचा मुलगाही अग्निवीर म्हणून जाऊ शकतो? विज्ञान शाखेच्या मुलांसाठी गणित-भौतिकशास्त्राचा वेगळा मार्ग आहे. परंतु इतरांसाठी कोणत्याही शाखेची बारावी, एकूण ५० टक्के आणि इंग्रजीत ५० टक्के, एवढीच शिक्षणाची अट असते. निवड झालेल्यांचे पहिले प्रशिक्षण बेळगावला. माझे इंग्रजीचे गुण ४४. सहा गुण! बारावीच्या वर्षी इंग्रजीच्या तासाला आम्ही मागच्या बाकावर काय करीत होतो हे सरांना आठवत असेल. त्यांनी ते येथे वाचून हसू नये, एवढीच विनंती.

राहिले नौदल. मुलांना १५७ सेंटिमीटर पुरतात. त्यात दोन वाटा आहेत. एक बारावी गणित-भौतिकशास्त्राची. तिला मोठा मान आणि तांत्रिक काम. दुसरी दहावीच्या गुणांवरची. तिच्यात स्वयंपाकघर, वाढप, स्वच्छता अशी कामे असतात. ती मी कमी लेखत नाही, जहाजावर तीनशे माणसांचा स्वयंपाक करणारा मनुष्य कोठेही उपाशी राहणार नाही. ही दुसरी वाट माझ्यासाठी खुली होती. परंतु मला ती सापडली तेव्हा माझे वय उलटून गेले होते.

तेव्हा आज मी पोलीस भरतीचा उमेदवार आहे. तेथे १६५ लागतात, काठावर बसतो. कोणी विचारले तर मी सांगतो की पोलीस दलच मला आवडते. खरी गोष्ट अशी की मी ते निवडलेले नाही; ते उरले आहे.

माझ्या या रडगाण्यातून एकच मुद्दा काढायचा आहे. कोणत्या दलात जायचे हा प्रश्न आपण पदवीच्या दुसऱ्या वर्षाला विचारतो. त्याचे उत्तर मात्र अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशीच देऊन बसलेलो असतो. दहावीचा निकाल लागतो, बाप धानाच्या पेरणीत असतो, मुलगा जवळचे महाविद्यालय पाहतो, तेथे जी शाखा मिळते ती घेतो. गणित कठीण, म्हणून सोडले. त्या एका सहीने नौदलाची तांत्रिक वाट, वायुदलाची तांत्रिक वाट, भूदलाचे टेक्निकल आणि क्लार्क हे दोन्ही गट, एवढे सगळे गेले. आणि कोणी सांगितलेही नाही की गेले. कला शाखेची मी निंदा करीत नाही. याच शाखेने मला हे चार शब्द लिहायला शिकवले. परंतु ज्याला गणवेशच घालायचा आहे त्याला ही किंमत अगोदर माहीत असावी. महाराष्ट्राच्या बारावी बोर्डात कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही गणित हा विषय घेता येतो. आपल्या भागात तो किती ठिकाणी शिकवला जातो, हे प्राध्यापक मंडळींनीच सांगावे.

समुद्राची आपल्याला भीती आहे की नुसती अनोळख, ते मला सांगता येत नाही. चामोर्शीहून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र फार दूर आहे. परंतु वैनगंगेच्या काठची मुले आपण. मार्कंड्याला नदी उत्तरेकडे वळते तेथल्या पाण्यात आपल्यापैकी कितीतरी जण पोहायला शिकले. ढिवरांच्या मुलांना तर पाण्याची भाषा उपजत येते. नौदलाच्या भरतीला पोहता येण्याची अट नाही, तेथे शिकवतात. पण ज्याला येते त्याचे काय बिघडणार आहे? ओडिशात चिल्का सरोवराच्या काठी नौदलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, तेथे पहिली अग्निवीर तुकडी मार्च २०२३ मध्ये तयार होऊन बाहेर पडली. कान्होजी आंग्र्यांचे नाव आपण शाळेत घोकले. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलाने जो नवा ध्वज स्वीकारला त्यावरची अष्टकोनी आकृती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतली आहे, ही बातमीही आपण अभिमानाने एकमेकांना पाठवली. अभिमान पाठवला, अर्ज पाठवला नाही.

चिल्क्याच्या त्या पहिल्या तुकडीत मुलीही होत्या. आपल्या महाविद्यालयात पहाटे धावणाऱ्यांत मुलींची संख्या आता मुलांच्या बरोबरीची दिसते, आणि जवळजवळ सगळ्या पोलीस भरतीच्या. त्यांनी हे ध्यानात घ्यावे की भूदलात अग्निवीर म्हणून मुलींना फक्त मिलिटरी पोलीस हा एक विभाग खुला आहे; नौदल आणि वायुदल यांत त्यांना अधिक वाव आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे खडकवासल्याला, २०२२ पासून मुली दाखल होऊ लागल्या आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडली. बारावी कला झालेली मुलगीसुद्धा तेथे भूदलासाठी परीक्षा देऊ शकते. अधिकारी हा शब्द आपण आपल्यासाठी वापरतच नाही. एन.सी.सी.चे ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत मिळवणारा आणि पदवीला ५० टक्के गुण असणारा विद्यार्थी लेखी परीक्षा न देता थेट मुलाखतीच्या मंडळापुढे जाऊ शकतो, ही सोय कित्येक वर्षांपासून आहे. आम्ही मात्र एन.सी.सी.त जातो ते परेडनंतरच्या नाश्त्यासाठी, नाही तर भरतीत जादा गुण मिळतात म्हणून.

आता पोलिसांविषयी. हा भाग लिहिताना माझा हात जड होतो.

गडचिरोलीत पोलीस होणे म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. सैन्यात गेलेला मुलगा शत्रूला तोंड देण्यासाठी घरापासून दूर जातो. आपल्याकडे पोलीस झालेल्या मुलाला घराजवळच तोंड द्यावे लागले, आणि समोरच्या बाजूलाही कधी आपल्याच मुलखातला, आपलीच बोली बोलणारा मुलगा होता. १९९० मध्ये तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी साठ जवानांचे पथक उभारले ते स्थानिक मुलांतून. जंगलाच्या वाटा त्यांना माहीत, गोंडी-माडिया भाषा त्यांना येत, म्हणून. सी-६० हे नाव त्या साठावरूनच पडले. ऑक्टोबर २००९ मध्ये लाहेरीला १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने १५ जवान गेले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात जी गावांची नावे छापून येतात ती आपल्याला नकाशात शोधावी लागत नाहीत. आपल्या पाहुण्यांचीच ती गावे असतात. या मुलखाला शस्त्रांची ओळख नवी नाही. १८५७ मध्ये गोंड तरुणांचे जंगोम दल उभारणाऱ्या बाबुराव शेडमाक्यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले, हे आपण दरवर्षी स्मरतो. पण भाऊबंदांत चाललेली लढाई ही वेगळी आणि जास्त कडू गोष्ट आहे.

ते दिवस पालटत आहेत. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत भूपती आणि त्याच्याबरोबरच्या साठ जणांनी मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. उद्याचा पोलीस शिपाई कदाचित बंदुकीपेक्षा जास्त वेळ रहदारी, दारूचे गुन्हे, जमिनीचे तंटे आणि मोबाईलवरची फसवणूक यांत घालवील. तरीही "पोलीस भरती बरी, घराजवळ राहता येते" असे जे आपण सहज म्हणतो ते मला पुरेसे वाटत नाही. घराजवळ राहणे म्हणजे ओळखीच्या माणसाला हातकडी घालणे, चुलत्याच्या मोहाच्या भट्टीवर धाड घालणे, आणि ज्या ग्रामसभेत आपला बाप बसतो तिच्यासमोर काठी घेऊन उभे राहणे. ज्याच्या मनाची याला तयारी असेल त्याने अवश्य जावे. अशा माणसांची आपल्या जिल्ह्याला गरज आहे, आणि आपली बोली न कळणाऱ्या परक्या पोलिसापेक्षा तो शंभरपट बरा. ज्याची तयारी नसेल त्याने सरळ सीमेवर जावे. ते काम सोपे नाही, परंतु मनाला सोपे आहे. मी स्वतः यांपैकी कोणता, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही, आणि मैदानी चाचणी तर जवळ येत आहे.

माझ्या या विचारांवर आमच्या एका प्राध्यापकांनी हरकत घेतली. ते म्हणाले, "अरे, दोन एकर धान असलेल्या घरातल्या पोराला तू निवड करायला सांगतोस? निवड ही पोट भरलेल्यांची चैन आहे. त्याला जे आधी मिळेल ते त्याने घ्यावे." त्यांचे म्हणणे मी खोडून काढू शकत नाही. जाहिराती कधी निघतील याचा नेम नसतो, वय मात्र नेमाने वाढते. हाती आलेली नोकरी सोडून दुसरीची वाट पाहा, असे मी कोणालाही सांगणार नाही. परंतु मला वाटते, ज्याला एकच संधी मिळणार त्यालाच तर चूक परवडत नाही. श्रीमंताचा मुलगा चुकला तर बाप दुसरे दुकान टाकून देतो. शिवाय पसंतीक्रमाचा रकाना भरायला पैसे लागत नाहीत, उंची मोजायला पैसे लागत नाहीत, आणि दोन पानांचे नियम वाचायलाही लागत नाहीत. त्यात गरिबी आड येत नाही, आमचा आळस येतो. आणि थोडी भीतीही असावी, की मोजले तर कमी भरू.

कायम नोकरी हवी, घरची जबाबदारी मोठी आहे, धाकटी भावंडे आहेत, अशा मुलाने माझ्या मते अग्निवीर होण्यापेक्षा केंद्रीय दलांचा अर्ज आधी भरावा. शिपायाची ती परीक्षा २०२४ पासून मराठीतूनही देता येते. उंची १७० लागते, अनुसूचित जमातीसाठी १६२.५. पसंतीक्रम मात्र स्वतः लिहावा. ज्याच्यावर तेवढा भार नाही, ज्याच्या अंगात चार वर्षे काही शिकून यायची ईर्षा आहे, त्याने नौदल आणि वायुदल आधी पाहावे, मग भूदल. आणि भूदलातही जनरल ड्यूटी शेवटी. हे माझे मत झाले. चार वर्षांनी परतलेल्यांसाठी केंद्रीय दलांत १० टक्के जागा राखण्याचे सरकारने २०२२ मध्येच जाहीर केले होते, म्हणून काहीजण उलट क्रम सांगतात : आधी अग्निवीर, मग केंद्रीय दल. त्यांचेही चुकत नाही. परंतु त्या राखीव जागांच्या दारापाशी देशभरातून किती जण गोळा होतील, याचा हिशेब त्यांनी करावा.

आपल्या महाविद्यालयाकडे माझे एक मागणे आहे, आणि त्याला फार खर्च नाही. जून महिन्यात, प्रवेश सुरू असताना, कार्यालयाच्या भिंतीवर उंचीची पट्टी रंगवावी. १५२, १५७, १६२, १६५, १६८, १७० अशा रेघा मारून प्रत्येक रेघेसमोर दलाचे नाव लिहावे, आणि त्याखाली कोणते विषय व किती गुण लागतात ते लिहावे. नियम बदलतात, तेव्हा दरवर्षी पुन्हा रंगवावी लागेल. ते काम एन.सी.सी.च्या मुलांना द्यावे. अकरावीला येणारा मुलगा पाठ टेकून उभा राहील, मागे वळून पाहील, आणि मग अर्जावर सही करील.

तोपर्यंत आमच्या घरी मी हा उद्योग सुरू केला आहे. धाकटा भाऊ यंदा दहावीला आहे. दिवाळीत त्याला दाराच्या चौकटीला उभे करून पेन्सिलीने रेघ मारली, १५९ भरला. अजून वाढेल. त्याला सांगितले, अकरावीला विज्ञान घे, गणित सोडू नकोस, नौदल पाहू. तो तयार आहे. आई मात्र चुलीपाशी बसून विचारते, "समुद्र किती खोल असते रे बाबू?" मी म्हणालो, मार्कंड्याच्या डोहापेक्षा थोडा जास्त. तिला ते पटलेले दिसत नाही.